उणे नऊ म्हणजे औषध नव्हे

गेल्या उन्हाळ्यात सांगोला तालुक्यातले एक गृहस्थ पत्ता विचारत विचारत माझ्या घरी आले. खिशातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण. पत्नीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, बार्शीला रेडिएशन आणि जोडीला किमो चालू. कात्रणाचा मथळा होता, 'डाळिंबाच्या सालीत कॅन्सरवर औषध, सोलापूरच्या विद्यार्थिनीचे संशोधन'. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव. "सर, डाळिंबं घरचीच हायेत. साल वाळवून ठेवलीया. रोज किती द्यायची तेवढं सांगा, म्हंजे बार्शीचं हेलपाटं बंद करता येतील," ते म्हणाले.

बार्शीचे उपचार एक दिवसही चुकवू नका, हे मी त्यांना चार वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. ते मान हलवत होते, पण नजर कात्रणावरच होती. उठता उठता त्यांनी विचारलं, "मग पेपरात आलंय ते खोटं हाय का?"

त्या प्रश्नाला मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, आणि कात्रणातलं काम माझ्याच हाताखाली झालेलं होतं. हा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. पण प्रश्न एका कात्रणापुरता राहिलेला नाही. आपल्या भागातल्या कॉलेजांत, विद्यापीठांत वनस्पतींतल्या संयुगांवर संगणकात 'कॅन्सरची औषधं' शोधण्याचं काम जोरात चालू आहे. या कामाला आपण काय किंमत द्यायची, त्यावर पदवी कुठल्या टप्प्याला द्यायची आणि लोकांना त्याबद्दल काय सांगायचं, हे ठरवण्याची वेळ आली आहे.

आधी माझ्या विद्यार्थिनीनं काय केलं ते सांगतो. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसनं भारतीय औषधी वनस्पतींतल्या संयुगांचा 'इम्पॅट' नावाचा खजिना सर्वांसाठी खुला केला आहे. तिथून तिनं डाळिंबातली संयुगं घेतली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. या विषाणूचं 'ई-६' नावाचं प्रथिन आपल्या पेशीतल्या 'पी-५३' या राखणदार प्रथिनाचा नाश घडवून आणतं, आणि राखणदार गेला की पेशी बेसुमार वाढू लागतात. ई-६ची त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळते. 'ऑटोडॉक व्हिना' ही संगणक प्रणालीही फुकट. हॉस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपवर तिनं एकेक संयुग ई-६च्या खळग्यात बसवून पाहिलं. यालाच डॉकिंग म्हणतात. संयुग खळग्यात हजारो तऱ्हांनी फिरवून पाहायचं आणि कुठल्या बैठकीत ते सर्वांत घट्ट बसतं याचा अंदाज एका आकड्यात काढायचा. आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट. सालीतल्या प्युनिकॅलॅजिनला उणे ९.१ मिळाले. दुसऱ्या क्रमांकाच्या संयुगाला उणे ८.२.

काम प्रामाणिक होतं. मुलगी हुशार, कष्टाळू, वडील यंत्रमागावर कामाला. तिनं प्रबंधात 'औषध' हा शब्द कुठेही लिहिला नव्हता, 'संभाव्य अवरोधक' लिहिलं होतं. कॉलेजच्या कार्यक्रमात पोस्टर लागलं, तिथे कोणीतरी फोटो घेतला, आणि संभाव्य अवरोधकाचं औषध व्हायला एक रात्र पुरली.

आता त्या उणे ९.१ची खरी किंमत पाहू. ज्यांनी ही प्रणाली तयार केली त्यांनीच २०१० मध्ये तिची चूक मोजून छापली आहे. तिचा आकडा ऊर्जेच्या, म्हणजे किलोकॅलरीच्या, मापात असतो, आणि प्रयोगात मोजलेल्या पकडीपेक्षा तो साधारण पावणेतीन किलोकॅलरीनं इकडेतिकडे होतो. साधं गणित असं की सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की पकड दहापट कमी-जास्त होते. म्हणजे पावणेतीनची चूक ही जवळपास शंभरपटीची चूक. अशा तराजूवर ९.१ आणि ८.२ यांत पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरवणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं. शिवाय या मोजणीचा एक स्वभाव आहे. रेणू मोठा असला की त्याला टेकायला जागा जास्त, म्हणून त्याचा आकडाही जास्त उणे. प्युनिकॅलॅजिनचा रेणुभार हजाराच्या वर आहे. गोळी म्हणून पोटात घ्यायच्या औषधाचा रेणुभार साधारण ५००च्या आत असावा, असा औषधशास्त्रातला १९९७ पासूनचा ढोबळ नियम आहे. प्युनिकॅलॅजिन आतड्यातून आहे तसं रक्तात जवळजवळ जातच नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून युरोलिथिन नावाची वेगळीच संयुगं तयार होतात. म्हणजे आम्ही ज्या रेणूला ई-६च्या खळग्यात बसवलं, तो रेणू सांगोल्याच्या त्या माउलीच्या गर्भाशयमुखापर्यंत पोचणारच नव्हता. हे वाक्य आमच्या पोस्टरवर नव्हतं. ते असायला हवं होतं, आणि ते लिहून घेणं माझं काम होतं.

काही जण डॉकिंगनंतर मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं सिम्युलेशन करतात. पाण्यात हलणाऱ्या प्रथिनाबरोबर संयुग टिकतं का ते त्यात दिसतं. बहुतेक विद्यार्थी १०० नॅनोसेकंद चालवतात. म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. खरी औषधं आपल्या लक्ष्याला काही मिनिटं, काही वेळा काही तास धरून बसतात. तेवढ्या इवल्या क्षणात संयुग जागचं हललं नाही याचा अर्थ इतकाच की ते लगेच सुटून गेलं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्यांनी चादर विणताना पाहिली आहे त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, मग तिची भोकं पाडलेली कार्डं होतात, मग ती मागावरच्या जेकार्ड या नक्षीच्या यंत्रावर चढतात. कागदावर मोर बिनचूक असतो. धागा तुटतो, रंग उतरतो, ताण चुकतो तो मागावर. म्हणून कोणी कागद काढणाऱ्याला कमी लेखत नाही, आणि कागद खांद्यावर टाकून थंडीत बाहेरही पडत नाही.

माझं म्हणणं दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग बरोबरच मांडायला हवेत. डॉकिंगवर संपणारं काम 'कॅन्सरवरचं संशोधन' म्हणून पदवीला, बढतीला आणि बातमीला पात्र धरू नये. पण म्हणून हे काम बंदही करू नये. संगणकातून निवडलेली दोन-चार संयुगं खऱ्या पेशींवर तपासून घेण्याची वाट विद्यापीठानं विद्यार्थ्यांना करून द्यावी. नुसती बंदी घातली तर लहान गावच्या मुलांच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल. नुसती मोकळीक दिली तर कात्रणं वाढत राहतील.

वनस्पतींतून कॅन्सरची औषधं मिळत नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. आपल्या दारात, स्मशानात, एसटी स्टँडच्या कुंपणाला फुलणारी सदाफुली घ्या. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देतात असं ऐकून १९५०च्या दशकात जमैकातून कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे पानं आली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्या निरीक्षणातून व्हिनब्लास्टिन मिळालं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आलं, आणि रक्ताच्या कॅन्सरनं जाणारी असंख्य मुलं वाचली. हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. सदाफुलीची पानं चावून तो परिणाम मिळत नाही, विषबाधा मात्र होते.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या माणसाचं आहे, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर नॉर्थ कॅरोलिनात काम करू लागले. १९६६ मध्ये दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. १९६२ मध्ये गोळा केलेल्या पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून त्यांनी टॅक्सॉल काढलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना छापली. टॅक्सॉल नेमकं करतं काय हे १९७९ मध्ये सूझन हॉरविट्झ यांनी दाखवलं. पेशीचं विभाजन होताना सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि मोडतो. तोवर माहीत असलेली औषधं तो उभाच राहू देत नसत. टॅक्सॉल तो मोडू देत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती १९९२ मध्ये. साल झाडावरून उतरली त्या दिवसापासून तीस वर्षं.

कॅम्प्टोथेसिनची वाट आणखी खडतर. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचं सोडियमचं क्षार रूप १९७०च्या सुमारास रुग्णांना देऊन पाहिलं. गुण थोडा, विषारीपणा भयंकर, काम थांबलं. पुढे १९८५ मध्ये कळलं की ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडवतं. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत नेमके बदल केले, आणि १९९६ मध्ये टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात भरपूर असतं. त्यासाठी नरक्याची चोरटी तोड किती झाली हे कोकणातल्या आणि घाटावरच्या वनखात्याला विचारा. कागदावर आकडा चढला की जंगलात कुऱ्हाड चढते, ही गोष्टही डॉकिंगच्या प्रबंधात कुठे तरी यायला हवी.

या दोन कहाण्यांतून मला जे दिसतं ते असं. १९६२ मध्ये कोणी टॅक्सॉलचं डॉकिंग करायला बसलं असतं तर ते कशावर केलं असतं? ज्या क्रियेवर ते काम करतं ती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. संगणक आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. निसर्ग न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही देतो, पण ती ऐकायला पेशी, उंदीर आणि शेवटी माणूस समोर असावा लागतो. संगणकाचं खरं बळ पुढच्या टप्प्यावर आहे. लक्ष्य कळलेलं आहे, रेणू काम करतो हे प्रयोगानं ठरलेलं आहे, आणि आता त्याला कुठे शेपूट लावली तर तो विरघळेल, कुठली कडी काढली तर विषारीपणा उतरेल, असा प्रश्न असेल तेव्हा शंभर रेणू बनवण्याऐवजी दहा बनवून भागतं. मॉडेलिंगमुळे वाचतात ते हेच श्रम आणि हाच पैसा. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांची रचना संगणकावर सांगणाऱ्या आणि घडवणाऱ्या तिघांना मिळालं ते उगाच नव्हे. ज्यांची रचना प्रयोगानं कळत नव्हती अशी कितीतरी प्रथिनं आता सोलापूरच्या मुलालाही पडद्यावर फिरवून पाहता येतात. हे दालन मला बंद करायचं नाही.

परंपरेचं काय, असं माझे एक स्नेही विचारतात. हळद, डाळिंब, गुळवेल आजीच्या बटव्यातले आहेत, त्यांना परदेशी प्रयोगशाळेची मोहर कशाला? मी त्यांना हळदीच्या पेटंटची आठवण देतो. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या देशाच्या विज्ञान संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. ती लढाई भावनेवर जिंकलेली नव्हती, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले लेखी पुरावे पुढे ठेवून जिंकलेली होती. मग त्याच हळदीतल्या कुर्क्युमिनबद्दल पुरावा मागितला की आपल्याला राग का यावा? औषधी रसायनशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकात २०१७ मध्ये कुर्क्युमिनवरच्या कामाचा मोठा आढावा आला. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही काय दिलंय ते माहीत नसलेल्या, लुटुपुटीच्या गोळीशी तुलना करणाऱ्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलं नव्हतं. कुर्क्युमिन लवकर तुटतं, रक्तात पोचत नाही आणि अनेक प्रयोगपद्धतींना फसवतं. अशा फसव्या संयुगांची यादी २०१० पासून उपलब्ध आहे. डॉकिंगमध्ये मात्र कुर्क्युमिन आणि त्याची भावंडं कुठल्याही प्रथिनावर झकास बसतात.

आपल्या डाळिंबाचंही तसंच झालं आहे. २००६ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना रोज डाळिंबाचा रस देऊन एक चाचणी अमेरिकेत झाली, आणि पीएसए, म्हणजे रक्तातलं या कॅन्सरचा माग देणारं प्रथिन, वाढण्याचा वेग चांगलाच मंदावल्याचं दिसलं. पण त्यात तुलनेचा गट नव्हता. तो घेऊन केलेल्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले तेव्हा फरक उरला नाही. दरम्यान तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं रोग बरे होण्याचे दावे करणाऱ्या डाळिंबाच्या रसाच्या जाहिराती २०१३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या होत्या. डाळिंब उत्तम फळ आहे. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, भौगोलिक मानांकन आहे, सांगोल्या-मंगळवेढ्याच्या माळरानावर या फळानं घरं उभी केली आहेत. त्याला कॅन्सरच्या औषधाची उसनी प्रतिष्ठा लागत नाही.

आणि पुरावा कसा गोळा करतात हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. दवाखान्यात रुग्ण येईल मग नोंदवू, असं म्हणून भागणार नव्हतं. माणसं गावोगाव गेली, सरपंचांशी, मास्तरांशी बोलली, लक्षणं समजावली, संशयित रुग्णाला तपासणीला आणलं. आपल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर किती आहे आणि तो किती उशिरा समोर येतो, हे त्यातून आकड्यांत दिसलं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांच्या सहभागानं एक मोठी चाचणी झाली. तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्हीच्या तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या विषाणूच्या ई-६ला आम्ही सालीतला रेणू चिकटवत होतो, त्याच विषाणूची ही तपासणी. आता त्याच विषाणूवरची, पुण्यात तयार झालेली 'सर्व्हाव्हॅक' लसही आहे. माझ्या विभागातल्या किती मुलींनी ही लस घेतली आहे, हे मी त्या दिवसापर्यंत कधी विचारलं नव्हतं.

कॉलेजांची बाजूही मला ठाऊक आहे, कारण मी त्यातच आहे. पेशी वाढवायच्या तर जंतुविरहित हूड लागतो, कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर लागतो, द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि हे सगळं सांभाळणारा माणूस लागतो. डॉकिंगला लॅपटॉप पुरतो. शिवाय २०१० पासून शिक्षकाच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजून गुण देण्याची पद्धत आली. मोजणी आली की जे लवकर मोजून होतं तेच वाढतं. पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये काढली, हे चांगलं झालं, पण सवय इतक्यात जात नाही. मी स्वतः अशा निबंधांवर सह्या केल्या आहेत.

म्हणून आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठापुढे माझी मागणी आहे. एका जिल्ह्याचं विद्यापीठ असणं ही अडचण नाही, सोय आहे. सगळी कॉलेजं एकाच जिल्ह्यात, आणि कॅन्सर नोंदणीची इतक्या वर्षांची शिदोरी बार्शीत. विद्यापीठानं दरवर्षी ठरावीक रक्कम फक्त तपासणीसाठी बाजूला काढावी. संगणकातून निवडलेली संयुगं विकत घेऊन किंवा वेगळी करून पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून मिळणाऱ्या पेशींवर, एका सामाईक प्रयोगशाळेत तपासावीत. नवी मुंबईतल्या अॅक्ट्रेक या टाटा रुग्णालयाच्या कॅन्सर संशोधन केंद्रासारख्या संस्थांशी करार करावा. डॉकिंगच्या प्रबंधात काही गोष्टी सक्तीच्या कराव्यात: माहीत असलेलं औषध त्याच्या माहीत असलेल्या जागी प्रणालीनं परत बसवून दाखवलं का, निरुपयोगी असल्याचं ठाऊक असलेल्या संयुगांना ती नापास करते का, आणि हा रेणू शरीरात तिथवर पोचतो का. निकाल 'नाही' आला तरी पूर्ण गुण द्यावेत. 'नाही' हा निकाल लपवावा लागतो तोवर 'हो' या निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

वर्तमानपत्रांसाठी कायदा आहेच. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानं ज्या रोगांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत कॅन्सर आहे. बातमीला तो थेट लागत नाही, पण सांगोल्याच्या माणसाच्या खिशात जाहिरात आणि बातमी एकाच पिशवीत असतात. विद्यापीठानं आणि कॉलेजांनी स्वतःच ठरवावं की माणसावर चाचणी झाल्याशिवाय 'औषध' हा शब्द आमच्याकडून बाहेर जाणार नाही, आणि गेला तर मार्गदर्शकाला जबाब द्यावा लागेल. माझ्यापासून सुरुवात झाली तरी चालेल.

ते गृहस्थ महिन्याभरानं पुन्हा आले, बार्शीहून परतताना. रेडिएशन पुरं झालं होतं. मी त्यांना साध्या मराठीत लिहिलेलं एक पान दिलं: आम्ही काय केलं, काय केलं नाही, साल का देऊ नये, आणि घरातल्या मुलींना लस कुठे मिळते याची चौकशी कुठे करायची. खाली माझी आणि माझ्या विद्यार्थिनीची सही. त्यांनी ते पान दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हे पेपरात का नाही आलं?" तेच पान आम्ही त्या दैनिकालाही पाठवलं होतं. अजून छापून आलेलं नाही. परवा पुन्हा पाठवलं आहे.